पहिलं नको

"ठीक आहे, तुमच्या इच्छेचा आदर आहे," असं म्हणून अभयनं समोरचा ग्लास उचलला, पाण्याचे दोन घोट घेतले आणि तो पुढच्या विषयाकडं वळला. जिन्यातला दिवा सारखा जातो, हा पुढचा विषय होता. आपला विषय संपला हे संघपालला क्षणभर कळलंच नाही. तो खुर्चीत तसाच किंचित पुढं झुकून बसून राहिला. बाकीची माणसं दिव्याबद्दल बोलत होती. दिवा बदलावा की वायरमन, यावर त्यांच्यात मतभेद होते, आणि या संस्थेत मतभेद झाले की ते सविस्तर मांडले जात. दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय इथं खुर्चीसुद्धा हलत नसे. संघपाल ऐकत होता, म्हणजे चेहरा ऐकल्यासारखा ठेवून होता. आत मात्र तो अजून मघाच्याच वाक्यापाशी उभा होता. अभयनं सगळ्यांसमोर, अगदी चांगल्या शब्दांत विचारलं होतं, की ज्येष्ठ संशोधकाची जागा इतके दिवस रिकामी आहे, बाहेर शोधण्याआधी आपण संघपालसरांना विचारायला हवं, सर, तुम्ही घ्याल का ही जबाबदारी? आणि संघपालच्या तोंडून, त्याच्या आधी त्याचं तोंडच बोलल्यासारखं, निघून गेलं होतं, "नको, मी कशाला. एखादं तरुण माणूस बघा." मग त्यानं वाट पाहिली होती. आता अभय म्हणणार, असं कसं, सर. शेजारचं कुणीतरी म्हणणार, अहो, तुमच्याशिवाय कोण आहे. मग तो टेबलावर बोटं फिरवत, मान खाली घालून म्हणणार, बरं, तुमचं सगळ्यांचं म्हणणंच असेल तर. ते सगळं घडायला जेवढी जागा लागते तेवढ्यातच अभयनं पाणी पिऊन टाकलं.

औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर श्रमनीती अभ्यास केंद्र होतं. सरकारची योजना कागदावर काय असते आणि ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, मेंढपाळाच्या पालावर पोचेपर्यंत तिचं काय होतं, हे इथली माणसं पाहून येत आणि मग काय व्हायला हवं ते लिहीत. संस्था डाव्या विचारांची. भिंतीवर फोटो नव्हते, एक जुना, कडा उडालेला मोर्चाचा फलक तेवढा होता. संघपालचं उभं आयुष्य त्या फलकासमोर गेलं होतं. आधी तो सहायक होता, मग सहयोगी झाला आणि सहयोगीच राहिला. पीएच.डी. अर्धवट सुटली होती, कारण फिरतीच्या कामातून तिला सवड मिळाली नाही, आणि ज्यांना सवड मिळाली त्यांनी त्यानं फिरून आणलेल्या माहितीवर आपल्या पीएच.ड्या पुऱ्या केल्या. त्याचं त्याला खरोखर फारसं काही वाटलं नव्हतं. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. या संस्थेत आपला विषय आपण निवडायचा आणि त्याचं पुस्तक आपल्या नावानं लिहायचं, हे फक्त ज्येष्ठ संशोधकाला करता येई. बाकीच्यांनी सोपवलेलं काम करायचं. आणि संघपालकडं एक विषय होता. कुणी सोपवलेला नव्हता. हंगामाला आईबापांबरोबर गाव सोडून जाणारी मुलं शाळेतलं काय विसरतात आणि काय विसरत नाहीत, हे तो वर्षानुवर्षं, दुसऱ्याच कामाला गेलेला असताना, पालापालावर बसून पाहत आला होता. भागाकार सगळ्यात आधी जातो. जोडाक्षरं जातात. कविता राहतात, चालीसकट राहतात, पण शब्दांच्या जागी मुलं तिथले, फडावरचे शब्द घालतात. एका मुलीनं चंद्राच्या जागी ट्रकचा दिवा घातला होता. हे सगळं त्याच्यापाशी होतं, आणि निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

बैठक संपल्यावर तो जिना उतरला. दिवा खरंच गेलेला होता. कठड्याला हात लावून उतरताना त्याला वडील आठवले, आणि तो मनाशी हसला, कारण अशा वेळी वडील आठवणार हे त्याला ठाऊकच होतं. रामकिसन गंगापूरकडच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील गावात घरोघर भाकरी मागून आणत. तो त्यांचा हक्क होता असं गाव म्हणे, पण दारात उभं राहून हाक मारावी लागे, आणि भाकर वरून पडे. धम्म घेतला त्या वर्षी रामकिसन कोवळ्या वयाचे होते. घरातली मागायची पाटी त्यांच्या आईनं उलटी करून कोंबड्यांवर झाकायला घेतली, आणि तेव्हापासून घरात एक कायदा झाला. मागायचं नाही. कुणी आपणहून दिलं तरी पहिल्यांदा घ्यायचं नाही. नको म्हणायचं. ज्याला मनापासून द्यायचं असतं तो पुन्हा म्हणतो. ज्याला नसतं त्याची सुटका होते आणि आपला मान राहतो. रामकिसन हे एखाद्या हिशेबासारखं समजावून सांगत. लहानपणी वाण्यानं गुळाचा खडा पुढं केला की संघपाल नको म्हणे, आणि पाठीमागं उभे असलेले वडील घरी जाताना विचारत, "पुना म्हणला का?" नाय म्हणला, असं सांगितलं की ते म्हणत, "मंग बरं झालं." गूळ खायला मिळाला नाही याचं दुःख आणि वडिलांचं बरं झालं, यातलं काय मोठं हे त्याला त्या वयात ठरवता आलं नाही. अजूनही येत नव्हतं.

आणि हा कायदा त्याच्या आयुष्यात इतका सुरळीत चालत आला होता, त्याचं कारण तात्यासाहेब. संस्था त्यांची. मोठ्या जमीनदाराच्या घरात जन्मले, घर सोडून लाल झेंड्याखाली आले, आवाज असा की शेजारच्या दुकानदारालाही क्रांतीची बातमी लागे. पण माणसाला ओळखत. चहासुद्धा तीनदा विचारत. नामांतराच्या दिवसांत विद्यापीठाच्या रस्त्यावर त्यांनी संघपालला पहिल्यांदा विचारलं होतं, आमच्याकडं येतोस का कामाला. संघपाल नको म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब खोलीवर हजर. बाजेवर बसले, संघपालच्या बायकोनं, गीतानं केलेला काळा चहा प्यायले आणि म्हणाले, "काल नको म्हणालास. आता पुन्हा विचारतो." त्यानंतर ते संस्थेत कुणी विचारलं तर सांगत, की अरे, आमच्या लोकांना शतकानुशतकं एकदाच विचारायची सवय आहे, आणि तेही उत्तर ऐकायला न थांबता. तुम्ही दोनदा विचारा, फुकट आहे. तात्यासाहेब गेले आणि ती सवयही गेली. अभय पुण्याहून आला. तो भला माणूस होता, हे संघपालला मनातल्या मनातही नाकारता येत नव्हतं. आधीच्या संस्थेत माणसांना गळ घालून, भावनेला हात घालून राबवून घेतात म्हणून तो ती सोडून आलेला. इथं आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं, की माणूस नाही म्हणाला की नाही. पुन्हा विचारणं हा दबाव आहे. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. संघपालनंही डोलावली होती. बोलणं बरोबरच होतं.

त्यानं गीताला काही सांगितलं नाही. ती घाटी रुग्णालयातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन वर्षच झालं होतं, आणि रुग्णाच्या चेहऱ्यावरून दुखतं कुठं ते ओळखायची तिची सवय अजून गेली नव्हती. म्हणून तो तिच्याशी पाठमोरा वागत राहिला. दुसऱ्या दिवशी केंद्रात तो अभयच्या खोलीवरून उगाच दोनतीनदा गेला. माणसाला एकट्यात विचारावं असं वाटू शकतं. सगळ्यांसमोर पुन्हा विचारणं त्याला दबाव वाटत असेल, पण एकट्यात, चहा घेता घेता. दार उघडं असे, अभय संगणकावर वाकलेला असे, मान वर करून हसे. आपण साठीला आलेला माणूस दारावरून फेऱ्या मारतोय, हे संघपालला दिसत होतं. रविवारी विहारात तो वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेई. मुलांना प्रश्न विचारल्यावर कुणी 'येत नाही' म्हटलं, की तो घाई करत नसे. तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारी, मग थांबे. मुलाचं पहिलं 'येत नाही' म्हणजे उत्तर नसतं, ती भीती असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं तो मुलांना दुसऱ्यांदा विचारत आला होता, आणि मोठ्यांच्या जगातही तसंच चालतं असं कुठंतरी धरून बसला होता.

महिन्याभरानं, एका शुक्रवारी अभयनंच बोलावलं. "सर, जरा बसता का?" त्यानं दार लोटून घेतलं, आणि संघपालच्या छातीत काहीतरी वर आलं, इतकं वर की त्याला खोकावं लागलं. अभय म्हणाला की ज्येष्ठ संशोधकाच्या जागेबद्दलच बोलायचंय. जाहिरात देऊन पाहिली, मुलाखती झाल्या. एकाला मराठवाडा कुठं सुरू होतो ते ठाऊक नव्हतं, दुसऱ्यानं कामाविषयी विचारण्याआधी इथून मुंबईला विमानं किती आहेत ते विचारलं. संघपाल हसला. आता, त्याला वाटलं, आता म्हणेल. अभय म्हणाला, "एक नाव माझ्या मनात आहे, आणि ते फक्त तुम्हीच मिळवून देऊ शकता. तुमची विद्यार्थिनी आहे. रत्नमाला." नाव ऐकून संघपालला आनंद झाला. हे फार विचित्र होतं, पण खरं होतं. वर आलेलं ते छातीतच राहिलं आणि त्याच्या अंगावरून आनंद आला, कारण रत्नमाला म्हटलं की त्याला आनंद होई, तशी सवयच होती. अभय सांगत होता, की ती बंगळूरुहून, तिथल्या संशोधनाच्या कामातून रजा घेऊन आली आहे, आई आजारी आहे, हर्सूलला भावाकडं उतरली आहे. फोनवर मी बोललो, पण ती काही नीट बोलेना. तुम्ही जाऊन भेटा. तुमचा शब्द ती मोडणार नाही. संघपाल म्हणाला, "जातो की." इथं नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. हे काही द्यायचं नव्हतं, काम सांगायचं होतं. कामाला तो आयुष्यात कधी नको म्हणाला नव्हता.

शनिवारी दुपार कलल्यावर तो स्कूटरवरून निघाला. जेलच्या लांबलचक भिंतीकडेनं जाताना ऊन पाठीवर बरं वाटत होतं. थंडीचे दिवस. रस्त्याकडेला हुरड्याची कणसं घेऊन बायका बसल्या होत्या. रत्नमाला त्याला पहिल्यांदा अशाच दिवसांत दिसली होती, गंगापूरच्या पुढं, कापूस वेचून झालेल्या एका शेतात. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. संघपाल मेंढपाळांच्या रेशनकार्डांचं काम करायला गेलेला. तिची आई पुतळाबाई चुलीपुढून उठली नव्हती, तिथूनच म्हणाली होती, "मास्तर, च्या घ्या." तो नको म्हणाला. "आवो घ्या, मेंढीच्या दुधाचाय, मरत नाय कुणी," असं म्हणून तिनं पेला पुढं सरकवला आणि तो तिथंच बसला, दिवस बुडेपर्यंत. पोरगी सहाएक वर्षांची. लेंड्या ओळीनं मांडून खेळत होती. त्यानं तिला त्यातूनच बेरीज दाखवली. मग मेंढ्यांचा वाडा जिथं जाईल तिथं, कधी वैजापूरच्या अंगाला, कधी नदीपलीकडं, कामाच्या आडून तो तिला गाठत राहिला. भागाकार ती दर हंगामाला विसरे आणि दर हंगामाला नव्यानं शिके, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच समजल्यासारखी टाळी वाजवे. तिच्यावरूनच तर त्याचा तो विषय सुरू झाला होता. पुढं आश्रमशाळेत घातली, पुढं शहरात वसतिगृहात. वसतिगृहाच्या बाईंच्या घरी पाठवताना त्यानं तिला आपल्या बापाचा कायदा सांगितला होता. काही दिलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, रत्ना. पुन्हा म्हणल्या तरच घ्यायचं. आपण मागत्यांतले नाही. पोरीनं विचारलं होतं, "आन पुना नाय म्हणल्या तर?" त्यावर त्यानं काय उत्तर दिलं ते त्याला आता आठवेना.

ती तलावाच्या बांधावर वाट पाहत उभी होती. घरी बोलता येणार नाही, आई झोपलीय, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. केसांत पांढरे दिसायला लागले होते, आणि तिच्या केसांत पांढरे म्हणजे आपलं काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ती पाया पडायला वाकली, त्यानं नेहमीप्रमाणं तिला मधेच धरलं. दोघं दगडावर बसली. पुतळाबाई न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड बसवलं होतं. रत्नमाला सांगत होती, की सगळं आयुष्य चालण्यात गेलेली बाई आता पलंगावरून खिडकीपर्यंत जाताना रडते. बंगळूरुला चल म्हटलं तर म्हणते, चौथ्या मजल्यावर मी काय करू, तिथं माझी बोली कुणाला कळणार. भाऊ चांगला आहे, पण त्याचं पाण्याच्या टँकरचं काम, दिवसभर बाहेर. बोलताना ती पायातल्या चपलेचा अंगठा न्याहाळत होती. लहानपणी काही लपवायचं असलं की ती असंच पायाकडं बघे. संघपालनं मग जागेविषयी सांगायला सुरुवात केली. त्यानं ते मन लावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं, टप्प्याटप्प्यानं. काम काय, मोकळीक किती, कुणाचा जाच नाही. आपला विषय आपण निवडायचा. आपलं पुस्तक आपल्या नावानं लिहायचं. हे शेवटचं सांगताना त्यानं तलावाकडं बघितलं. कडेला शेवाळ होतं आणि पलीकडं एक बगळा, कसलीच घाई नसल्यासारखा.

"नको सर," रत्नमाला म्हणाली. "मी कशाला. दुसरं कुणीतरी चांगलं बघा."

त्याला ते ऐकू आलं. त्याचंच वाक्य होतं. सूरसुद्धा त्याचाच. हे नको किती खरं आणि किती खोटं, हे या सबंध शहरात एकट्या त्यालाच ठाऊक असणार होतं. तिला ती जागा हवी होती. आईसाठी हवी होती, आणि आईसाठी नसती तरी हवी होती. तिच्या बसण्यात, दोन्ही हात मांडीवर आवळून धरण्यात ते दिसत होतं. अभय इथं असता तर त्यानं आदर केला असता आणि पाणी प्यायला असता. संघपालनं काही न बोलता उठून जायचं म्हटलं असतं तरी चाललं असतं. घरी जाऊन फोन करायचा, ती नको म्हणते. सगळं खरं. कुणी खोटं ठरवू शकलं नसतं. मग बहुतेक, कुठंच काही मिळालं नाही म्हणून, अभयनं पुन्हा एकदा दार लोटून घेतलं असतं. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला तो जरा वेळ थांबला. त्यानं त्याला जा म्हटलं नाही.

मग तीच म्हणाली, "आन सर, तुम्ही असताना मी कशी बसू त्या खुर्चीत? अभयसर म्हणाले, तुम्हीच नाही म्हणालात. मनापासून नाही म्हणालात का?"

म्हणजे कुणीतरी दुसऱ्यांदा विचारलंच होतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते या बांधावर आलं होतं, आणि ते घेऊन आली होती रत्नमाला. त्याला हसू येईलसं वाटलं. ती आता त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, सरळ, गणिताचं उत्तर बरोबर आलं का ते बघायची तशी. त्यानं नाही, मनापासून नाही, एवढं म्हटलं असतं तर ती हसत हसत बाजूला झाली असती, तिला खरंच आनंद झाला असता, आणि आई खिडकीपर्यंत जाताना रडत राहिली असती. आणखीही एक होतं. केंद्रात तो आजवर कुणाशीही भांडला असेल तर एकाच मुद्द्यावर, की ज्यांनी भोगलं त्यांनीच लिहावं. बाहेरून आलेल्यांनी वह्या भरून नेऊ नयेत. पालावरची मुलं काय विसरतात हे त्यानं पाहिलं होतं, जवळून पाहिलं होतं, पण विसरली होती ती. दर हंगामाला भागाकार तिचा गेला होता. त्याचा नव्हता गेला.

"मनापासून," तो म्हणाला. "माझं आता झालं. आता माझं ऐक. मी तुला पुन्हा विचारतो. येतीस का?"

"येते," रत्नमाला म्हणाली, आणि तिला रडू आलं.

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं रडणं लवकर संपलं, आणि मग ती बोलायला लागली, भराभर, लहानपणी दिवसभराचं सांगायची तशी. दोन्ही हातांनी बोलत होती. विषयसुद्धा तिनं ठरवलेला होता, म्हणजे तिला किती दिवसांपासून यायचं होतं बघा. हंगामावरची पोरं, सर. शाळेतलं काय राहतं, काय जातं. तुम्ही जमवलंय ना सगळं? ते मला द्याल? संघपाल म्हणाला, देईन की. हे त्यानं लगेच, पहिल्या झटक्यात म्हटलं. कुणी मागितलं तर द्यायला त्याच्या घराण्यात कसलाच कायदा नव्हता. ती म्हणाली, "तुमचं एवढं काम, सर, पुस्तकावर नाव दोघांचं टाकू या. तुमचं आधी."

"नको," तो म्हणाला. "मी कशाला. तुझंच राहू दे."

ते पुन्हा तसंच निघून गेलं होतं, त्याच्या आधी. आणि त्यानं वाट पाहिली. या खेपेला त्याला भीती नव्हती, कारण समोर रत्ना होती. तिला हा कायदा त्यानंच शिकवला होता. मघाशी तिनं विचारलंच होतं, मनापासून का म्हणून. आत्ताही ती हसून म्हणेल, सर, मला शिकवता होय, आणि तो मान खाली घालून म्हणेल, बरं बाई. त्याला आतून मऊ, उबदार वाटायला लागलं होतं. पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा दिसलं, वर त्याचं नाव, खाली तिचं, किंवा वर तिचंही चालेल. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई जागी झाली होती. रत्नमाला उठली, हो आले, हो, दोन मिनिटांत, असं फोनवर म्हणत तिनं साडीच्या निऱ्या झटकल्या, फोन बंद केला, आणि तिचा चेहरा उजळलेला होता. ती म्हणाली, "तुम्ही फार मोठे आहात, सर. तुमच्यासारखं मला कधी जमायचं नाही." आणि पुन्हा वाकली. या वेळी त्याला तिला धरायला उशीर झाला. ती बांधावरून जवळजवळ पळतच गेली, मेंढ्यांमागं पळायची तशी, आणि पार वळणावर जाऊन तिनं हात हलवला. त्यानंही हलवला. मग तो बसून राहिला. तिचा राग येत नव्हता. आनंदात माणसाला ऐकू कमी येतं, हे त्याला इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून ठाऊक होतं.

अभयला त्यानं तिथूनच फोन केला. अभय फार खूश झाला. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. दोनदा, कदाचित तीनदाही. दिवेलागणीला संघपाल घरी आला तेव्हा गीता मेथी निवडत बसली होती. तो समोर बसला आणि काडी काडी करून मेथी निवडू लागला, आणि सगळं सांगून टाकलं. त्या बैठकीपासूनचं. तिचा हात तेवढा चालू होता. सगळं झाल्यावर ती म्हणाली, जागेचं मला कळलं. पुतळाबाईचं ऐकल्यावर मीपण तेच म्हटलं असतं. पण नावाचं कसं काय? पोरीनं तर विचारलं होतं की.

"एकदाच विचारलं," तो म्हणाला.

बोलल्यावर त्याला ऐकू आलं, की हे एखाद्या रुसलेल्या पोरासारखं झालं. गीता हसली नाही. ती म्हणाली, मग फोन करा तिला. आत्ता. तुमची पोर आहे, आनंदानं देईल. संघपालला ते ठाऊक होतं. एक शब्द टाकला तर ती आनंदानं देईल, वर माफी मागेल, रडेल. पण तो शब्द टाकायचा म्हणजे तिच्या दाराशी उभं राहून हाक मारायची. त्यानं तोंड उघडून पाहिलं. ते वाक्य त्याच्या घशात कुठंही नव्हतं, कधी ठेवलंच नव्हतं तिथं कुणी. तो म्हणाला, "मागू?" गीतानं त्याच्याकडं बघितलं आणि तो विषय सोडला. तिनं मेथीची टोपली बाजूला सरकवली, हात पदराला पुसले.

"बरं, मी विचारते," ती म्हणाली. "तुमचं नाव पाहिजे होतं का तुम्हाला त्या पुस्तकावर?"

"जाऊ दे गं. नको."

"आवो, मी परत विचारते. पाहिजे होतं का?"

"हो," संघपाल म्हणाला. "पाहिजे होतं. लई पाहिजे होतं." आणि मग त्याच्याच्यानं तोंड मिटवेना, तो तेच म्हणत राहिला, हळूहळू, जमिनीकडं बघत. गीताकडं देण्यासारखं काही नव्हतं. ती उठून त्याच्या बाजूला येऊन बसली, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत बसून राहिली.